नंदामावशीचे अकरा डाव

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर एक फोटो आहे. डोक्याला राखाडी पट्टा बांधलेली एक मुलगी हसतेय आणि खाली लिहिलंय की हा पट्टा वापरायला अतिशय सोपा आहे. सोपा कुणी केला, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहितेय. माझं तोंड वाईट आहे, ऑफिसात सगळ्यांना माहितीये, तर सरळच सांगते. तो पट्टा नंदामावशीने केला. डोंबिवली पूर्वेला, पाथर्लीच्या नाक्याजवळ ब्लाउज शिवणारी नंदामावशी, जी आजही फोन उचलल्यावर आधी दोन सेकंद नुसता श्वास घेते आणि मग ‘कोण’ विचारते.

आमचं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. विचाराने व्हिडिओ गेम खेळायचा. बटण नाही, रिमोट नाही, हातसुद्धा हलवायचा नाही. आपण नुसतं मनात आणलं की उजवा हात उचलतोय, तरी डोक्यात डाव्या बाजूला काहीतरी बारीक बदल होतो. तो कातडीवरून पकडायचा, कॉम्प्युटरला कळवायचा आणि पडद्यावरचा हात उचलायचा. बोलायला दोन मिनिटं लागतात. करायला आम्हाला पाच वर्षं लागली, तेही वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात, जिथे खालच्या मजल्यावर लेथ मशीन सुरू झालं की आमचे आकडे नाचायला लागायचे.

कंपनी देवेशची. देवेश हुशार आहे, मी नाही म्हणत नाही, पण त्याला माणसांपेक्षा डोकी जास्त कळतात. त्याने बाहेरून नमुन्याला एक पट्टा मागवलेला. कडक प्लास्टिकचा, आतून आठ टोकं, ती डोक्याला टेकली की सिग्नल मिळायचा. दहा मिनिटांत कानशिलं ठणकायला लागायची. अंबाड्यावर बसायचा नाही, वेणीवर बसायचा नाही, टक्कल असलं तर घसरून नाकावर यायचा. मी डिझायनर, म्हणजे माणसाला त्रास होऊ नये हे बघायला ठेवलेली बाई. मी देवेशला म्हटलं, अरे, डोकं दुखत असताना खेळणार कोण? तो म्हणाला, होईल सवय. त्या दिवशी मी डबा न खाता घरी निघाले, इतकी तडकलेले.

डोंबिवलीला उतरले ती थेट नंदामावशीकडे, कारण भावाच्या साखरपुड्याचा ब्लाउज फिटिंगला दिलेला. ती आईची जुनी शिंपीण, मला फ्रॉकपासून ओळखते. टेप गळ्यात, खडू कानावर, चष्मा नाकाच्या टोकाला. तिने ब्लाउजकडे बघितलंच नाही.

“कपाळाला काय झालं? कुठे आपटलीस?”

मी पट्टा पर्समधून काढून टेबलावर आपटला. तिने तो उलटा केला, टोकांवरून अंगठा फिरवला, ताणून बघितला.

“हे कुणाच्या मापाचं?”

“कुणाच्या नाही. फ्री साइज.”

“फ्री साइज म्हणजे कुणालाच न बसणारं,” ती म्हणाली. “ठेवून जा.”

चार दिवसांनी तिने जे हातात दिलं ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलेलं. ब्लाउजच्या गळ्याला लावतात तशी उरेब पट्टी, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, त्यामुळे ते डोक्याच्या गोलाईवर आपसूक बसत होतं. आठ टोकांना आठ छोटे कप्पे, आत मऊ अस्तर. मागे अंबाड्यासाठी मोकळी जागा आणि बंद करायला हूक. स्वतः घालून दुपारभर मशीनवर बसलेली. “डोक्याला काही बांधलंय हे विसरायला झालं पाहिजे,” म्हणाली, “नाहीतर माणूस खेळणार कसा, सारखं लक्ष तिथेच.” देवेशने महिन्याभराच्या मीटिंगांमध्ये जे सांगितलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

मग ती मंगळवारी आणि शुक्रवारी ठाण्याला यायला लागली. आल्या आल्या सगळ्यांची डोकी टेपने मोजायची. आम्ही ‘युजर’ म्हणायचो, ती ‘गिऱ्हाईक’ म्हणायची. एक नियम तर तिने स्वतःच शोधला आणि भिंतीवर माझ्याकडून लिहून घेतला. डोक्याला खोबरेल तेल असलं की टोकं घसरतात, सिग्नल गढूळ होतो. परदेशातल्या कागदपत्रांत हे कुणी लिहिलेलं नव्हतं, कारण तिकडे कुणाची आई सकाळी डोक्यावर तेल थापत नसावी. आमच्याकडे चाचणीला येणारा दर तिसरा माणूस तेल लावून यायचा. मावशी दारातच हुंगायची आणि परत पाठवायची. “दोन दिवस तेल बंद, मग या.” मोठमोठ्या माणसांना तिने असं परत पाठवलंय.

गेम मात्र तिला आवडायचा नाही. तेव्हा आमचा एकच गेम होता. मनात हात उचलला की पडद्यावरचा फुगा वर जायचा. तिने पट्टा लावून फुगा पार वरपर्यंत नेला आणि माझ्याकडे बघितलं.

“गेला वर. बरं मग?”

“मग काय, जिंकलीस.”

“कुणाला?”

मी चिडून म्हटलं, तुला काय खेळायचंय ते तूच सांग. तिने टेप गुंडाळला. मग म्हणाली, “मला दादूसशी नारळ लढवायचाय.”

दादूस म्हणजे तिचा थोरला भाऊ, परशुराम. मावशीचं माहेर ठाण्यातल्या कोपरीचं. आता तिथे बिल्डिंगा आहेत, पण तिच्या आजाचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं आणि बापाचंही अर्धं. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी खाडीवर, मीठबंदराच्या बाजूला पुरुष जमायचे आणि नारळ लढवायचे. खेळ सोपा. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. मग आळीपाळीने. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. दादूस गावात अव्वल. दुकानात नारळ कानाशी धरून टिचक्या मारायचा, वीस-वीस परत ठेवायचा आणि एक निवडायचा. तो एकच नारळ सगळ्या डावांना पुरायचा. जिंकलेले नारळ नंदा परकराच्या ओच्यात घेऊन मागे उभी. घरात चार दिवस नारळीभात.

नऊ वर्षांची असताना तिने विचारलं, मी पण खेळू का. सगळे हसले, पोरी नारळ लढवत नाहीत म्हणाले. दादूस हसला नाही. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा. तिच्या कानात म्हणाला, “माज्याशी खेळ तू. पयला घाव तुजा.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. त्या वर्षी आई ओढून घेऊन गेली. पुढच्या वर्षी गोवर निघाला. नंतर मोठी झाले म्हणून खाडीवर जायला बंदी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन डोंबिवलीला आले.” ती एकेक बोट दुमडत सांगत होती. “आणि तो दिवस राखीचा. सकाळी कोपरीला जायचं, राखी बांधायची, जेवायचं, आणि चारच्या आत परत, कारण माझ्या नणंदा यायच्या ह्यांना राखी बांधायला. खेळ असतो संध्याकाळी. चाळीस वर्षं झाली, मी एकदासुद्धा संध्याकाळपर्यंत थांबले नाही. दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी नणंदांना सांगते. आता तो पडूनच आहे.”

परशुराममामाला त्याच्या दोन वर्षं आधी मेंदूचा झटका आलेला. दोन्ही हात, दोन्ही पाय, वाचा, सगळं गेलं. ऐकायचा सगळं, कळायचं सगळं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. एवढंच बोलणं. आणि तेही आपण काही विचारलं तर. आपणहून काही विचारायचं म्हटलं तर त्याच्याकडे सोय नव्हती. हे वाक्य मी आज लिहितेय. तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर बरं झालं असतं.

मी देवेशशी भांडले. तो म्हणाला, नारळाचा गेम जगात कोण घेणार? मी म्हटलं, फुग्याचा कोण घेतोय? तीन महिन्यांत मी तो गेम केला. मावशी शेजारी बसून चुका काढायची. मूठ अशी नसते, अंगठा बाहेर असतो. नारळाची शेंडी थोडी ठेवायची. आवाज खोटा आहे. आवाजासाठी आम्ही गाळ्यात नऊ खरे नारळ फोडले, खालचा लेथवाला वर येऊन बघून गेला. मामासाठी पट्टाही तिने वेगळा शिवला. तो उताणा पडलेला असतो, म्हणून मागच्या बाजूला काहीच टोचायला नको, सगळी टोकं वर आणि बाजूला घेतली. माप तिच्या वहिनीकडून सुतळीने मागवलेलं. तो पट्टा शिवताना तिने तीनदा उसवला. इतकी वर्षं तिला ओळखते, पण उसवताना कधी बघितली नव्हती.

मग नारळी पौर्णिमा आली. मी दहाला लॅपटॉप घेऊन कोपरीला पोचले. मावशी सकाळीच पोचलेली. राखी बांधून झालेली, मामाच्या छातीशी निरांजनाचं ताट अजून तसंच. गोदावहिनी, म्हणजे मामाची बायको, स्वयंपाकघरात. मामा स्वच्छ सदऱ्यात, भांग पाडलेला, आणि डोळे माझ्या हातातल्या पिशवीवर. मी त्याला आधी दोनदा भेटलेले. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घाई दिसली.

पट्टा बांधला. पडद्यावर नुसता चिखल. एक टोक धड लागत नव्हतं. मी वायर बघितली, बॅटरी बघितली, लॅपटॉप बंद करून चालू केला. मग त्याच्या केसांत बोट घातलं आणि बोट नाकाशी नेलं.

“तेल कुणी लावलं?”

माझा आवाज चढलेला होता. गोदावहिनी बाहेर आली. “मी नाय बाय. दोन दिस बाटली कपाटात ठेवलीय. नंदानी फोनवर दम दिलेला.”

नंदामावशी भिंतीशी उभी होती. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

“मी लावलं,” ती म्हणाली. “ओवाळायला बसवला तर डोकं कोरडं. सणाला भाऊ कोरड्या डोक्याने कसा बसवायचा. हात आपोआप गेला गं. मी माती खाल्ली.”

ज्या बाईने भिंतीवर नियम लिहून घेतला, साहेबलोकांना दारातून परत पाठवलं, तिने. मला इतका राग आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण खरं सांगू, माझ्या आईनेही तेच केलं असतं. मी आत आले आणि बाह्या वर केल्या.

पडल्या माणसाचं डोकं धुणं सोपं नसतं. मानेखाली प्लास्टिक, त्याखाली परात, वहिनी तांब्याने पाणी घालतेय, मावशी शिकेकाई चोळतेय. एकदा धुतलं, तेल होतंच. दुसऱ्यांदा धुतलं. तिसऱ्यांदा बेसन लावून धुतलं. खालच्या पार्लरमधून ड्रायर मागून आणला. मामा सगळा वेळ डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता, एकदासुद्धा नाही म्हणाला नाही. दोन वाजले. मग वीस मिनिटं सराव, म्हणजे मी सांगणार ‘मनात हात उचला’, मग ‘सोडा’, पुन्हा ‘उचला’, म्हणजे कॉम्प्युटरला त्याची सवय होते. पडद्यावरची सिग्नलची पट्टी त्याच्या सांगण्याने वर-खाली व्हायला लागली, तशी वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. दोन वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी हलवलेलं.

पावणेतीनला डाव सुरू केला. मावशी लॅपटॉपसमोर, ती बटण दाबून खेळणार. मामाचा नारळ त्याच्या मनाने. मी गेम असा लिहिलेला की पहिला घाव पेशंटचा, त्याला मान म्हणून. पडद्यावर अक्षरं आली, ‘परशुराम, घाव घाला.’

काही झालं नाही.

अर्धं मिनिट गेलं. मी म्हटलं, मामा, मनात हात उचला. पट्टी जागची हलेना. मी वायर बघितली. सिग्नल स्वच्छ होता, इतका स्वच्छ की सरावातही नव्हता. नुसता शांत. वहिनी म्हणाली, थकला असंल. मी पुन्हा सगळं तपासायला वाकले, तोंडातल्या तोंडात देवेशला शिव्या देत.

“राहू दे,” मावशी म्हणाली. “तो थकला नाही.”

ती उठून त्याच्या डोळ्यांसमोर गेली. मला तिची पाठ दिसत होती.

“दादूस, पयला घाव माजा का?”

त्याने डोळे मिटले. एकदा. आणि उघडले.

पन्नास वर्षं. तिने त्याला कधी आठवण करून दिली नव्हती, तो कधी बोलला नव्हता, आणि मी मूर्खासारखं गेममध्ये त्याला मान देऊन ठेवलेला. गेममध्ये उलटं फिरवायची सोयच नव्हती. मी आतला आकडा बदलला. अक्षरं बदलली. ‘नंदा, घाव घाला.’

तिने पदराने हात पुसला, का ते तिलाच ठाऊक, आणि बटण दाबलं. ठक् असा आवाज आला. मामाचा नारळ शाबूत. मग त्याची पाळी. अक्षरं पुरती यायच्या आत पट्टी टोकाला गेली. इतकी वर मी ती कधीच बघितली नव्हती, कुणाचीच. नारळ खाली आला आणि नंदाचा उभा फुटला, पडद्यावर पाणी उडालं. त्याने तिला पहिला घाव दिला आणि मग जराही दया दाखवली नाही.

“हरले,” मावशी म्हणाली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिने पिशवीतून खरा नारळ काढला, घरातून आणलेला, आणि त्याच्या उशाशी ठेवला, कारण हरलेल्याने द्यायचा असतो. मामाचे डोळेही भरलेले. वहिनीने पुसले.

तेवढ्यात घड्याळात सव्वातीन झाले. मावशीच्या नणंदा चारला यायच्या होत्या, फोनही येऊन गेलेला. ती चपला शोधायला लागली, मी चार्जरच्या वायरी गुंडाळायला लागले, वहिनी आम्हाला डबा भरून द्यायला आत गेली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘खेळ संपला’ आणि चांदण्या, त्या मीच काढलेल्या, मला फार कौतुक होतं त्यांचं. मी म्हटलं, “मामा, शनिवारी परत येतो हां.” सगळं आवरून झाल्यावर शेवटी मी त्याच्या डोक्यावरचा पट्टा सोडवला. त्याचे डोळे पडद्यावरच होते. मला वाटलं, चांदण्या बघतोय.

शनिवारी मामाला ताप होता. पुढच्या आठवड्यात छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेलं, आणि पितृपक्ष लागायच्या आत तो गेला. मावशी दिवस झाल्यावर पहिल्या मंगळवारी ठाण्याला आली, टेप काढला आणि एका नवीन मुलाचं डोकं मोजायला लागली.

दोन महिन्यांनी रिपोर्ट लिहायचा म्हणून मी त्या दिवसाची नोंद उघडली. आमच्याकडे पट्टा डोक्यावर असेपर्यंत मशीन नोंद घेत राहतं, गेम संपला तरी. डाव संपला तिथे मी थांबणार होते. पण पुढे रेघ सपाट नव्हती. वर जात होती, खाली येत होती. थोडं थांबून पुन्हा वर. मला आधी वाटलं कुणाचा तरी धक्का लागला असेल. धक्क्याची रेघ अशी नसते, मला माहितीये, पाच वर्षं तेच बघतेय. तो हात उचलत होता. आम्ही चपला शोधत असताना, डबा भरत असताना, सहा मिनिटांत अकरा वेळा त्याने मनात हात उचललेला. त्याला अजून एक डाव हवा होता. आणि मी केलेल्या, वापरायला अतिशय सोप्या गेममध्ये खेळणाऱ्याला स्वतःहून ‘पुन्हा’ म्हणायची सोय नव्हती. तिथे ‘पुन्हा’चं बटण होतं. ते हाताने दाबायचं होतं.

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पहिलं काम ते केलं. आता आमच्या प्रत्येक गेममध्ये डाव संपला की मनानेच ‘पुन्हा’ म्हणता येतं. देवेशने त्याचं कौतुक केलं आणि वेबसाइटवर टाकलं. मी त्याला कारण सांगितलं नाही.

मावशीला मात्र सांगावं लागलं. सांगू की नको यात आठ दिवस काढले. शेवटी कागदावर ती रेघ छापून तिच्या दुकानात घेऊन गेले. तिने मशीन थांबवलं, चष्मा वर घेतला आणि खडूच्या बोटाने एकेक उंचवटा मोजला. नवव्यावर बोट थांबलं, तो जरा बुटका होता.

“हितं दमला,” ती म्हणाली.

मग दहावा, अकरावा. तिने कागद मांडीवर ठेवला.

“मी तेल लावलं नसतं तर अकराला सुरू झाला असता डाव,” ती म्हणाली. “दुपारभर खेळलो असतो. मी नणंदांना फोन केला असता, नका येऊ. चाळीस वर्षांत एक फोन केला नाही मी.”

मी म्हटलं, चूक माझी आहे, बटणाची. ती नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, “मला त्याच्याशी खेळायचंय गं अजून.” आणि मग ती रडली, दुकानात, गिऱ्हाईक बाहेर उभं असताना. मी तिचा हात धरून बसले.

कागद तिने ठेवून घेतला.

यंदाच्या पौर्णिमेआधी चार दिवस तिने मला कल्याणच्या मार्केटला ओढून नेलं. नारळवाल्याच्या ढिगाशी बसून ती एकेक नारळ कानाशी धरायची, टिचकी मारायची, परत ठेवायची. चाळीसेक झाले तेव्हा तो वैतागला. “मावशी, नारळ घ्यायचाय का लग्न जमवायचंय?” ती म्हणाली, “गप रे, ऐकू दे.” एकच घेतला.

पौर्णिमेला तिने नणंदांना फोन केला. चावी शेजारी आहे, करंज्या डब्यात आहेत, तुमचा भाऊ घरी आहे, राखी बांधा, मी माहेरी आहे, वेळ लागेल. नणंद काहीतरी बोलायला गेली, तर हिने ठेवला. मी शेजारीच होते, मला टाळी द्यावीशी वाटली.

संध्याकाळी आम्ही खाडीवर गेलो. पंधरा-वीस माणसं होती, काही मामाच्या वयाची, काही तरुण. तिला सगळे ओळखत होते. परशुरामची बहीण, कुणीतरी म्हणालं, आणि जागा करून दिली. त्यांना वाटलं नारळ वाहायला आलीय. ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि पिशवीतून नारळ काढला.

“दादूसचे अकरा डाव राहिलेत,” ती म्हणाली. “ते खेळायला आलेय. कोण येतंय?”

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. कुणी हसलं नाही, पण पुढेही कुणी येईना. शेवटी मीच शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातला नारळ मागून घेतला आणि तिच्यासमोर उभी राहिले. मी जन्मात नारळ लढवलेला नाही, गेम केला तेवढाच. तिने आपला नारळ मुठीत धरला, अंगठा बाहेर, शेंडी थोडी ठेवलेली.

“पयला घाव तुजा,” ती म्हणाली.

मी जीव खाऊन घाव घातला. माझाच नारळ फुटला, पाणी दोघींच्या मनगटांवर आलं. तिने माझ्या हातातल्या नारळाच्या दोन्ही वाट्या घेऊन पिशवीत टाकल्या, आपला नारळ पदराने पुसला, कानाशी धरून एक टिचकी मारली आणि बाकीच्यांकडे वळली.

“दहा राहिले,” म्हणाली.